मार्सेलिनोचा दीड पानी जबाब

सुप्रभा सामंतने मार्सेलिनोकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते २००२ सालच्या मार्चमध्ये. मँचेस्टरच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती छातीच्या विकारांच्या विभागात मेडिकल सेक्रेटरी होती. सेक्रेटरींची खोली तळमजल्यावर, चार टेबलं, चार बायका आणि एक कायम गळका रेडिएटर. पोर्टर लोक दिवसातून दोनदा ट्रॉलीवरून पेशंटच्या फायली आणायचे आणि टाकून जायचे. टाकून हाच शब्द योग्य. त्या दिवशी आलेल्या नव्या माणसाने मात्र आधी दारात वाकून ट्रॉलीची ओली चाकं फडक्याने पुसली, मग ट्रॉली कार्पेटवर घेतली. फायली ठेवल्या त्याही कडा सारख्या करून. बुटका, काळासावळा, केस अगदी बारीक कापलेले, वय चाळिशीचं असावं. छातीवर बिल्ला होता : एम. दा कॉश्ता.

सुप्रभाचं माहेर सावंतवाडीचं. दा कॉश्ता म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार? मोठ्या आपुलकीने तिने विचारलं, "तुमी खंयचे? म्हापशाचे काय मडगांवचे?"

तो ओशाळून हसला. "सॉरी, मॅडम. नो इटालियन."

शेजारच्या टेबलावरची नीना इतकी हसली की तिच्या कानातला डिक्टाफोनचा इयरफोन निसटला. नीना कॉव्हेंट्रीत वाढलेली पंजाबी मुलगी, पुढे आठवडाभर ती सुप्रभाला 'सिन्योरा' म्हणत होती.

माणूस गोव्याचा नव्हता, पण आडनाव ज्या जहाजातून गोव्याला उतरलं तेच जहाज पुढे त्याच्याही देशाला गेलं होतं. पूर्व तिमोर. इंडोनेशियाच्या शेवटच्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी त्याने एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर ते बेट काढून दाखवलं आणि त्याला चार पाय नि शेपूट जोडली. आमचं बेट म्हणजे मगर, असं त्यांच्याकडे लहान मुलांना सांगतात म्हणे. चारशे वर्षं पोर्तुगीज, मग पक्षापक्षांचं आपसातलं युद्ध, मग चोवीस वर्षं इंडोनेशियाचं सैन्य. १९९९मध्ये लोकांनी मत देऊन स्वातंत्र्य मागितलं. मत मोजून झालं आणि सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी देश पेटवून दिला. आता दोन महिन्यांनी, मे महिन्यात, तिथे स्वतःचा झेंडा लागणार होता. मार्सेलिनोचा जन्म पोर्तुगीजांच्या अमलातला, म्हणून त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला होता आणि लिस्बनमार्गे तो या देशात आला होता. लाँगसाइटला एका घरात आणखी दोन तिमोरी माणसांबरोबर राहायचा. बायको रोझालिना आणि मुलगी तिकडेच, राजधानीत, दिलीत, बायकोच्या चुलत भावाच्या घराच्या एका खोलीत.

"का बरं? तुमचं गाव नाही?" सुप्रभाने विचारलं होतं.

"आहे," तो म्हणाला, आणि ट्रॉली घेऊन गेला.

वर्षभरात ओळख मुरली. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला 'मना' म्हणतात, तो सुप्रभाला मना म्हणू लागला. सुप्रभा त्याला शेवटपर्यंत मनातल्या मनातही अहो-जाहोच करायची. बोलणं इंग्रजीत असलं तरी असल्या गोष्टी माणसाला आतून कळतात. ती डब्यात दोन घावणे जास्तीचे आणी. तो ते खायच्या आधी कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढायचा, मग म्हणायचा, "नारळ आहे. माझी आई असंच करते." पानसुपारीवरूनही त्यांचं जमलं. तिकडेही पाहुणा आला की आधी पान, मग बोलणं. लाँगसाइटच्या दुकानात मिळणारी सुपारी तो खिशात बाळगायचा आणि हॉस्पिटलात खाता येत नाही म्हणून फक्त वास घ्यायचा.

सुप्रभाच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. तिच्याकडे बारक्या कॅसेटी यायच्या. कन्सल्टंट, म्हणजे विभागातले मोठे डॉक्टर, त्यावर बोललेले असायचे, घाईत, कधी सँडविच खाता खाता, कधी वाक्य अर्धवट सोडून. सुप्रभा कानात इयरफोन घालून, पायाखालच्या पेडलने टेप पुढेमागे करत, त्या बोलण्याचं पत्र करायची. बावीस वर्षं ती हे करत होती आणि विभागात तिच्यासारखी पत्रं कुणाची नसायची. नवीन मुलीला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "डॉक्टर काय बोलले ते टाइप करायचं नसतं. त्यांना काय म्हणायचं होतं ते टाइप करायचं." पेशंट दारू पिऊन आला होता, बायकोला शिव्या देत होता, असलं काही डॉक्टर ओघात बोलून गेले तर ती ते गाळायची. पत्र फॅमिली डॉक्टरकडे जाणार, एखाद्या दिवशी पेशंटच्याच हाती पडणार. कशाला उगाच माणसाची शोभा? डॉक्टर सही करताना वाचायचे, एखादे वेळी भुवई उचलायचे, आणि सही करायचे.

२००३च्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मार्सेलिनो रिकाम्या हाताने खोलीत आला. ट्रॉलीशिवाय तो कधी यायचा नाही, त्यामुळे तो जरा उघडाउघडा दिसत होता. हातात त्याच्या गावच्या पाद्रीबाबांचं पत्र होतं.

नव्या देशापुढे मोठा प्रश्न होता. घरं जाळणारे आणि घरं जळलेले, दोघे एकाच गावचे, बऱ्याचदा एकाच घरचे. सगळ्यांना तुरुंगात घालायचं तर तुरुंग पुरणार नाहीत, आणि सोडून द्यायचं तर उद्या पुन्हा कोयते निघतील. खून, बलात्कार यांच्यासाठी कोर्ट होतं. बाकीच्यांसाठी सत्य आणि सलोखा आयोग नेमला होता, आणि आयोगाने जुनीच रीत हाताशी धरली होती. गावात मोठी चटई अंथरायची. चटईच्या एका बाजूला ज्याने केलं तो, समोर ज्याचं झालं तो, मध्ये वडीलधारी माणसं. ज्याने केलं त्याने आधी जबाब लिहून द्यायचा, सगळं कबूल करून. तो चटईवर वाचला जायचा. समोरच्याने मान्य केलं, काही भरपाई किंवा काम ठरलं, की सगळ्यांनी एकत्र पान खायचं आणि मगच चटई गुंडाळायची. त्यानंतर तो माणूस पुन्हा गावचा.

मार्सेलिनोच्या गावात फेब्रुवारीत चटई पडणार होती. पुढे आयोगाचं हे काम संपणारच होतं. पाद्रीबाबांनी लिहिलं होतं : जबाब पाठव, इंग्रजीत असला तरी चालेल, इथे भाषांतर होईल. सुनावणीला मात्र तू स्वतः यायला हवंस.

"मना, मला नीट लिहिता येत नाही," तो म्हणाला. "चौदा वर्षांचा होतो तेव्हा युद्ध सुरू झालं, शाळा बंद. सही येते."

"तुमच्या घरातल्या त्या दोघांना का नाही सांगत? तुमच्या भाषेत होईल."

त्याने पाद्रीबाबांच्या पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "त्यातल्या एकाचं घर जाळलं होतं. मी नाही. पण माझ्यासारख्यांनी."

मार्सेलिनो दा कॉश्ता जाळणाऱ्यांतला होता, हे सुप्रभाला तेव्हा कळलं. ट्रॉलीची चाकं पुसणारा हा माणूस. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर कॅलेंडरवर नेली.

तिने त्याला एक डिक्टाफोन आणि कोरी कॅसेट दिली. "जमेल तसं बोला. सावकाश. मी टाइप करते."

ती कॅसेट तिने सेल नावाच्या उपनगरातल्या आपल्या घरी, शनिवारी दुपारी ऐकली. शशिधर, तिचा नवरा, बाहेर बागेत कुंपणाच्या झुडपांची हेज कापत होता. तो शेजारच्याच दवाखान्यात फॅमिली डॉक्टर होता. मार्सेलिनोचा आवाज टेपवर अगदी स्पष्ट होता. इंग्रजी तोडकंमोडकं, पण एकेक वाक्य दगड मांडावा तसं मांडलेलं.

एप्रिलमध्ये टोळीवाले आले. म्हणाले, घरटी एक माणूस द्या. माझ्या घरात मीच होतो. सप्टेंबरमध्ये त्यांनी पेट्रोलचे कॅन दिले. ज्यांनी मतदानाचं काम केलं त्यांची घरं दाखवली. मी नाही म्हटलं असतं तर माझं घर जळलं असतं, रोझालिना आत होती. मी तीन घरं जाळली. पहिलं मातेउशचं. दुसरं त्याच्या भावाचं. तिसरं फिलोमेनाचं. फिलोमेना विधवा. ती कपडे शिवते. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिने मुलीला हातात धरलं होतं. ती डोंगरात पळाली होती. घर रिकामं होतं.

इथे टेप बंद करून पुन्हा सुरू केल्याचा खटका होता. मग :

तिचं शिलाई मशीन आत होतं. हाताचं. मी ते उचललं. माझ्या घरी नेलं. मग परत आलो आणि घर पेटवलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे आम्ही सरहद्दीपलीकडे छावणीत गेलो, तिथे मी मशीन देऊन तांदूळ घेतला. पण उचललं तेव्हा भूक नव्हती. भूक नंतर लागली.

सुप्रभाने पेडल दाबून ते पुन्हा ऐकलं. मग इयरफोन काढून ठेवला आणि बागेकडचं दार उघडलं.

"अहो, ऐकता का जरा."

शशिधरने कात्री थांबवून ऐकून घेतलं. "घरं जाळली ती जबरदस्तीने," तो म्हणाला. "त्याची माफी मिळेल. पण हे मशीनचं कशाला सांगायचं? तुमच्या सावंतवाडीत कुणी म्हटलं असतं का, मी शिवणाचं मशीन पळवलं म्हणून?"

"तेच म्हणते मी. जाळपोळ लोक विसरतील. चोर नाव एकदा पडलं की नातवापर्यंत पुसत नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काय ते नीट लिही. तो बिचारा भावनेच्या भरात बोलून गेलाय."

शशिधर पुन्हा हेजकडे वळला. सुप्रभाला त्याचं म्हणणं पटलं असं नाही. तिने आधीच ठरवलेलं होतं, तिला फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. ती टेबलाशी बसली आणि तिने टाइप केलं : तिसरं घर श्रीमती फिलोमेना यांचं. तेही मी हुकमावरून जाळलं. माझ्या मुलीच्या धर्ममातेचं घर जाळल्याची मला कायम शरम वाटेल. मशीनची आठ-नऊ वाक्यं गेली. शरमेचं वाक्य तिचं होतं, टेपवर ते नव्हतं. जबाब दीड पानात बसला, आणि वाचायला फार चांगला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने तो त्याला वाचून दाखवला. तो डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत होता. वाचताना तिचा वेग थोडा वाढला.

संपल्यावर त्याने डोळे उघडले. "मशीन?"

"हो, आलंय सगळं."

"मशीन पण आलंय?"

"आलंय म्हटलं ना. इंग्रजीत जरा वेगळ्या पद्धतीने लिहितात. इथे सही करा."

त्याच्या कमरेचा पेजर वाजला, एक्स-रेमध्ये कुणालातरी न्यायचं होतं. त्याने उभ्याउभ्याच सही केली. एकेक अक्षर कोरल्यासारखं, एम पासून ए पर्यंत. मग कागदाला कपाळ टेकवलं की काय असं सुप्रभाला वाटलं, पण तो फक्त शाई वाळली का ते जवळून बघत होता.

फेब्रुवारीत त्याने तीन आठवड्यांची रजा काढली. जाताना तो इतका आनंदात होता की पोर्टरांच्या खोलीतले लोक त्याला "नवरदेव" म्हणून चिडवत होते. चटई गुंडाळली की गावच्या जमिनीवर घर बांधायला घ्यायचं, वर्षभरात रोझालिना आणि मुलगी तिथे, दोन वर्षांत तो स्वतः. कॉफीची झाडं अजून उभी होती, त्याने पाद्रीबाबांना विचारून घेतलं होतं. रोझालिनाला दिलीचा उबग आला होता. "शेजारीण बोलत नाही," ती फोनवर म्हणायची, "आणि पाणी विकत."

तो परत आला तेव्हा सुप्रभा कँटीनमध्ये सूप घेऊन बसली होती. तो समोर येऊन बसला. त्याने तिच्यासाठी तिकडचं विणलेलं, लाल-काळ्या पट्ट्यांचं एक कापड आणलं होतं. ते त्याने घडी न मोडता टेबलावर ठेवलं.

"झालं का?" तिने विचारलं.

"दोघांचं झालं."

मग त्याने सांगितलं. चटई चर्चसमोरच्या चिंचेखाली घातली होती. सगळा गाव आलेला. आयोगाच्या माणसाने जबाब त्यांच्या भाषेत वाचला. मातेउश आणि त्याचा भाऊ मान हलवत होते. जबाब ऐकताना फिलोमेनाचा चेहरा हलला नाही. वाचन संपलं तेव्हा मार्सेलिनोच्या लक्षात आलं की मशीन आलंच नाही. त्याने लगेच हात वर केला आणि म्हणाला, एक राहिलं, मी मशीनही नेलं होतं.

"मग?"

"फिलोमेना म्हणाली, मी हेच बघत होते. चार वर्षं झाली. मध्ये एवढा समुद्र. कागद लिहायला याला भरपूर वेळ होता. कागदात मशीन नाही. आता मी समोर बसले आहे, म्हणून याला मशीन आठवलं." तो सूपच्या वाडग्याकडे बघत बोलत होता. "मी म्हटलं, मी इंग्लंडमध्ये सांगितलं होतं, कागदात आलं नाही. तर मागून कुणीतरी म्हणालं, इंग्लंडच्या कागदाला मशीन जड झालं. लोक हसले."

फिलोमेना उठून गेली. वडीलधाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत चटई तशीच ठेवली, दोनदा माणूस पाठवला. ती आली नाही. आयोगाच्या जीपला पुढच्या गावाला जायचं होतं. मातेउश आणि त्याच्या भावाने मार्सेलिनोबरोबर पान खाल्लं, त्या दोघांपुरता कागद झाला, आणि चटई गुंडाळली. त्याची जमीन फिलोमेनाच्या जमिनीला लागून होती, पाण्याची वाट एकच. तिच्या मनाविरुद्ध तिथे घर बांधायला गाव हो म्हणणार नव्हता. रोझालिना दिलीतच राहिली.

"माझं इंग्लिश वाईट, मना," मार्सेलिनो म्हणाला. "मी टेपमध्ये नीट बोललो नसेन. तुम्ही तरी काय करणार."

सुप्रभाच्या तोंडात शब्द होते. सांगायला दहा सेकंद पुरले असते. ती म्हणाली, "टेप जरा खरखरत होती."

"हं," तो म्हणाला. "मला वाटलंच."

त्याच वसंतात मार्सेलिनोने संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात नाव घातलं. बुधवार आणि शुक्रवार. त्रेचाळिसाव्या वर्षी तो वही घेऊन बसू लागला, एका हाताने ट्रॉली ढकलायची, दुसऱ्या हातात शब्दांची यादी. सुट्टीत तो सुप्रभाकडून गृहपाठ तपासून घ्यायचा. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यायची, एकेक वाक्य त्याच्याकडून तीनतीनदा म्हणवून घ्यायची. बघणाऱ्याला वाटावं, काय या बाईची शिकवायची तळमळ. चुका त्याच्या फार नसायच्याच. पहिल्यापासून तो सरळ, छोटी वाक्यं बोलायचा. त्याला स्वतःला मात्र आपलं इंग्रजी अपुरं पडलं याची खात्री होती, आणि त्या खात्रीवर तो दोन वर्षं राबला.

सुप्रभाने ती कॅसेट पुसली नव्हती. हॉस्पिटलच्या कॅसेटी पुसून पुन्हा वापरायच्या असतात, ही एक ती घरी कपाटात ठेवून होती. टाकवतही नव्हती. लेकीला, आर्याला, तिने एकदा सगळं सांगून टाकलं. आर्या तेव्हा लीड्सला कायदा शिकत होती, सुट्टीत घरी आलेली.

"आई, हा तर त्याचा स्टेटमेंट होता, तुझी नाही," आर्या म्हणाली. लिंग तिला कधीच जमलं नाही, पण मुद्दा तिचा चुकत नसे. "तू त्याला सांगितली का?"

"आता सांगून काय होणार? तो आयोगही बंद झाला. त्याला उगाच त्रास."

"त्याला त्रास, की तुला?"

"बाबांसारखी बोलू नकोस."

"बाबा तर म्हणतात झाकून ठेव," आर्या म्हणाली आणि टोस्ट घेऊन वर गेली.

२००६च्या मे महिन्यात दिली पुन्हा पेटली. सैन्यातच फूट पडली, मग पोलीस आणि सैनिक, मग पूर्वेकडचे लोक आणि पश्चिमेकडचे लोक. चार वर्षांचा देश, आता कुठे उभा राहत होता, तो गुडघ्यावर आला. टीव्हीवर दिलीच्या गल्ल्या दिसायच्या, पत्र्यांमधून धूर निघताना. रोझालिनाच्या चुलत भावाचं घर असल्याच एका गल्लीत होतं. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी कळलं, घर गेलं, माणसं सुखरूप आहेत, विमानतळाजवळ तंबूत. डोंगरातल्या त्याच्या गावात मात्र काहीच झालं नव्हतं. तिथे लोक कॉफी तोडत होते.

हे त्याने सुप्रभाला एक्स-रे विभागाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सांगितलं, रिकामी व्हीलचेअर धरून. शेवटचं वाक्य तो सहज बोलला. त्यात तक्रार नव्हती. पण सुप्रभाला ते सोसलं नाही.

"मार्सेलिनो, टेप खरखरत नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही मशीनचं सगळं सांगितलं होतं, नीट. मी ते लिहिलं नाही. आणि आलंय म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं. दोनदा."

शेजारून एक बाई पाय प्लॅस्टरमध्ये घालून चालली होती, तिला जायला त्याने व्हीलचेअर भिंतीला लावली.

"का?"

"लोक तुम्हाला चोर म्हणतील असं वाटलं."

"मी चोरच होतो," तो म्हणाला. "तेच तर सांगायला जायचं होतं, मिसेस सामंत."

त्याचं इंग्रजी एव्हाना खूप सुधारलं होतं. वाक्यात एक चूक नव्हती. बरंच काही बोलावंसं वाटून सुप्रभाने तोंड उघडलं, तर त्याने हात जरासा वर केला. रागाने नाही. सिस्टर जसं कॉरिडॉरमध्ये कुणाला थांबवते, तसं.

"ती टेप आहे?"

"आहे."

"मला द्या."

दुसऱ्या दिवशी तिने कॅसेट दिली, आणि ती तिकडे कशावर वाजणार म्हणून स्वतःचा जुना डिक्टाफोनही दिला. त्याने दोन्ही पाद्रीबाबांकडे पाठवलं. बरोबर त्याने स्वतः लिहिलेलं पत्र होतं, त्याच्या भाषेत. ते त्याने सुप्रभाला दाखवलं नाही, दाखवायचं कारणही नव्हतं. उत्तर यायला पाच महिने लागले. ते काय आलं हे त्याने तिला सांगितलं, कारण हिशोबाने ते तिलाही कळायला हवं असं त्याला वाटलं असणार. फिलोमेनाने टेप ऐकली होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पाद्रीबाबांनी वाक्यावाक्याला थांबवून सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, खरं आहे, हा आधी बोलला होता. मग म्हणाली, पण हे चटईवर यायला हवं होतं, गावाने ऐकायला हवं होतं. माझ्या स्वयंपाकघरात ऐकून मी काय करू?

पाद्रीबाबांनी पुन्हा चटई घालायचं सुचवलं. वडीलधाऱ्यांपैकी दोघे वारले होते. आयोग नव्हता, आणि देशात सगळीकडे तंबू पडलेले असताना सात वर्षांपूर्वीच्या एका मशीनसाठी माणसं जमवायला कुणाला उसंत नव्हती.

शशिधर एकदा जेवताना म्हणाला, "तू त्याच्या भल्यासाठीच केलंस ना? मग एवढं काय लावून घेतेस?" सुप्रभाने त्याला पोळी वाढली. त्याच्या भल्यासाठी केलं हे खरंच होतं. आपण कुणाचं भलं कशात आहे ते त्याच्यापेक्षा जास्त ओळखतो, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि तितकीच वर्षं लोक तिच्या पत्रांवर सह्या करत आले होते. त्या वर्षानंतर तिची पत्रं बदलली. कन्सल्टंट बोलतील तसं ती लिहू लागली, अर्धवट वाक्यासकट. कन्सल्टंटनी एकदा विचारलंही, "सुप्रभा, आर यू ऑल राइट?" २०००च्या दशकाअखेरीस टेपच गेल्या, काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं, आणि तिने वेळेआधी निवृत्ती घेतली.

निरोपाच्या दिवशी सेक्रेटरींच्या खोलीत केक कापला. मार्सेलिनो दारापाशी येऊन उभा राहिला, केकचा तुकडा घेतला, "थँक यू, मिसेस सामंत, ऑल द बेस्ट," म्हणाला. नीना म्हणाली, "अरे, आत ये की, सिन्योराला मिठी तरी मार." तो हसला आणि म्हणाला, खाली पेशंट थांबलाय. खाली खरंच पेशंट थांबला असेल. तो कामात कधी खोटं सांगत नसे.

रोझालिना आणि मुलगी २००७च्या उन्हाळ्यात इंग्लंडला आल्या. आता तिघं गॉर्टनला कौन्सिलच्या दोन खोल्यांच्या घरात राहतात. रोझालिना एका प्राथमिक शाळेत जेवण वाढायचं काम करते, मुलगी कॉलेजात आहे आणि घरात इंग्रजीच बोलते. मार्सेलिनो त्याच हॉस्पिटलात पोर्टर आहे, सकाळी सात ते तीन. २००४नंतर तो तिमोरला गेलेला नाही.